नर्सिंगला घालायचंय, पण कोणत्या?

मैत्रिणींनो, दहावी-बारावीचे निकाल लागले की गटाच्या बैठकीत कर्जमागणीचं एक कारण हमखास ऐकू येतं, ते म्हणजे मुलीचं ॲडमिशन. त्यातही "नर्सिंगला घालायचंय" म्हणणाऱ्या ताया बऱ्याच. चांगलंच आहे. पण 'नर्सिंग' या एका शब्दाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी येतात. कुठे पदवी मिळते, कुठे मिळत नाही, आणि एका ठिकाणी तर पैसे भरूनही मुलगी नर्स होत नाही. म्हणून कर्ज मागणारीने आणि मंजूर करणाऱ्या बाकीच्यांनीही हा फरक समजून घ्यावा.

एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. आपल्या उपकेंद्रातल्या सिस्टरताई, म्हणजे आरोग्यसेविका, हेच शिकून आलेल्या असतात. जीएनएम तीन वर्षांचा. या दोन्हींना बारावी कला शाखेतून झालेली असली तरी चालते. जीएनएमला मात्र बारावीत आणि इंग्रजीत किमान 40 टक्के लागतात. वयाची अट 17 ते 35 अशी आहे, त्यामुळे बारावी झालेल्या आपल्या सुनांनाही हे दार उघडं आहे. हे फारसं कुणी सांगत नाही. पण लक्षात ठेवा, या दोन्ही पदव्या नव्हेत.

पदवी म्हणजे बी.एस्सी. नर्सिंग. चार वर्षांची, आणि आपल्याकडे बहुतेक कॉलेजं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली. इथे बारावी सायन्सच लागते. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या प्रवर्गाला 45 टक्के, राखीव प्रवर्गाला 40 टक्के, आणि इंग्रजीत पास.

तीन वर्षांत काम होत असताना चार वर्षं कशाला, असं घरची माणसं विचारतात. जीएनएम झालेल्या मुलीला पुढे पदवी हवी असेल तर पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगची आणखी दोन वर्षं करावी लागतात. म्हणजे तीन आणि दोन, पाच झाली. शिवाय पदवी असली की नर्सिंग सोडून एमपीएससीसारख्या परीक्षाही देता येतात, एम.एस्सी.चा रस्ताही मोकळा होतो. जीएनएम वाईट आहे असं मुळीच नाही, तीही पक्की रजिस्टर्ड नर्सच. पण सायन्सची मुलगी असेल आणि गुण असतील, तर आधी पदवीकडे बघावं असं माझं मत.

आता गंमत बघा. हा निर्णय बारावीनंतरचा वाटतो, पण खरा होतो दहावीनंतर. मैत्रीण गेली म्हणून आर्ट्सला गेलेल्या किंवा सायन्स घेऊन बायोलॉजी सोडलेल्या मुलीला बी.एस्सी. नर्सिंगचं दार तिथेच बंद होतं. दुसरं दार सीईटीचं. राज्याच्या सीईटी कक्षामार्फत बी.एस्सी. नर्सिंगची वेगळी प्रवेश परीक्षा होते. तिचा फॉर्म बारावीच्या निकालाच्या बऱ्याच आधी भरून घेतात. निकाल लागल्यावर पेढे वाटून मग चौकशीला गेलं, तर उशीर झालेला असतो.

आणि पैशाची खरी गोष्ट इथेच आहे. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, मान्यताप्राप्त खासगी कॉलेजातसुद्धा. अट एकच, प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला हवा. त्याच कॉलेजात, त्याच वर्गात, मॅनेजमेंट कोट्यातून बसलेल्या मुलीला ही माफी नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिची उत्पन्न मर्यादा अडीच लाख. अर्ज महाडीबीटीवर.

हिशोब करून बघा. फी भरायला गटातून 50,000 रुपये शेकडा 2 ने उचलले, तर पहिल्याच महिन्याचं व्याज झालं 1,000 रुपये. फेरीतून प्रवेश मिळाला असता तर कदाचित हे कर्ज काढावंच लागलं नसतं. वसतिगृह, मेस, गणवेश, पुस्तकं यांचा खर्च मात्र माफीत येत नाही. त्यासाठी कर्ज लागलं तर ते आकडा मांडून मागावं.

राहिली चौथी गोष्ट. तालुक्याच्या ठिकाणी पाट्या दिसतात, "सहा महिन्यांत नर्सिंग", "एक वर्षात हमखास नोकरी". पेशंटची काळजी घ्यायला शिकवणारे असे कोर्स असतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ते करून मुलगी नर्स होत नाही, मदतनीस होते, आणि पगारही मदतनीसाचाच मिळतो. म्हणून पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा, "हे शिकल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये माझ्या मुलीची नोंदणी होईल का?" उत्तर गोलगोल आलं तर पाकीट उघडू नका.

कागदांचं तेवढं लवकर बघा. तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, जातीचा दाखला, ओबीसी-एसईबीसीला नॉन क्रिमीलेअर, खुल्या गटातल्या गरजूंना ईडब्ल्यूएस. सगळ्यात जास्त वेळ खातं ते जात वैधता प्रमाणपत्र. त्याचा अर्ज मुलगी बारावी सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत टाकता येतो. ग्रामसंघाच्या दिवाळीआधीच्या बैठकीत गावातल्या बारावी सायन्सच्या मुलींची यादी करा, आणि प्रत्येकीचा वैधतेचा अर्ज गेला का, ते तिच्या आईला तिथेच विचारा.