लेखांक ७ : कुजक्या तंबूतली बुरशी

पानिपतच्या कारखान्यात भाताच्या पेंढ्याचं इथेनॉल कसं होतं, हा या आठवड्याचा ठरलेला विषय होता. तो पुढं ढकलावा लागतोय, कारण सांगली जिल्ह्यातल्या एका ऊस उत्पादक वाचकाचं पत्र आलंय. खोडव्यात पाचट कुजवायला ते दरवर्षी शेणकाल्यातून ट्रायकोडर्मा सोडतात. त्यांचा प्रश्न : 'पुड्यावर ट्रायकोडर्मा विरिडी असं छापलेलं असतं. सेल्युलेज करणारी बुरशी ती हीच का?'

सेल्युलेज म्हणजे सेल्युलोज तोडून त्याची साखर करणारी विकरं (एन्झाइम); पेंढ्याचं इथेनॉल करतानाही तीच लागतात. प्रश्न नेमका आहे. १९७७पर्यंत शास्त्रज्ञांच्या शोधनिबंधांतही त्या बुरशीचं नाव विरिडी असंच छापून येत होतं.

तिची कथा दुसऱ्या महायुद्धातली. प्रशांत महासागरातल्या बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू, पट्टे, गणवेश दमट हवेत भराभर कुजत होते. सैन्याला साहित्य पुरवणाऱ्या क्वार्टरमास्टर विभागानं ठिकठिकाणच्या कुजक्या कापडांतून सूक्ष्मजीव गोळा केले. सॉलोमन बेटांपैकी बुगनव्हिलवरच्या एका तंबूच्या कापडातून मिळालेल्या बुरशीची नोंद झाली 'क्यूएम ६ए' अशी. क्यूएम म्हणजे क्वार्टरमास्टर.

काम होतं कुजणं थांबवण्याचं. विभागातले शास्त्रज्ञ एल्विन रीज यांनी मात्र कापड कुजतं तरी कसं, याचा पिच्छा पुरवला. पाण्यात विरघळणारं, रासायनिक बदल केलेलं सेल्युलोज पुष्कळ सूक्ष्मजीव पचवतात. अख्ख्या कापसाला भिडणारे थोडेच. असं का? १९५० साली रीज आणि सहकाऱ्यांनी तर्क मांडला, की आधी एक घटक सेल्युलोजची घट्ट वीण सैल करतो आणि मग दुसरे घटक साखळ्या तोडतात. तपशिलात तो पुढं बराच बदलला. पण एकट्या विकराचं हे काम नव्हे, हे त्यातलं मर्म टिकलं. २०१० साली सेल्युलोजसारख्याच चिवट कायटिनवर ऑक्सिजनच्या साहाय्यानं घाव घालून वाट मोकळी करणारं विकर सापडलं. त्याच कुळातली विकरं सेल्युलोजवरही चालतात, हे लवकरच दिसलं. तेव्हा रीज यांच्या त्या जुन्या तर्काची अनेकांना आठवण झाली.

रीज यांच्या सहकारी मेरी मँडेल्स यांचा एक शोध तर मुद्दाम सांगण्याजोगा आहे. आयतं ग्लुकोज मिळालं, तर ही बुरशी सेल्युलेज करायच्या भानगडीत पडत नाही. तरीही ग्लुकोजचे काही नमुने घातले की सेल्युलेज तयार व्हायचं! बाटलीवर 'शुद्ध' लिहिलेलं असलं, तरी आत काहीतरी भेसळ असणार, हे मँडेल्स यांनी ओळखलं. शोध घेता घेता सापडलं सोफोरोज : ग्लुकोजचे दोन रेणू वेगळ्या रीतीनं जोडलेली साखर, अगदी लेशमात्र. तेवढ्यानं बुरशीची विकरं स्रवू लागत. हा निबंध १९६२ सालचा. बुरशीकडून हुकमी विकरं करून घेण्याची एक किल्ली त्या अशुद्धीनं हाती दिली.

१९७३ साली तेलाचे भाव भडकले, सेल्युलोजपासून साखर आणि साखरेपासून इंधन करण्याचा विचार पुढं आला आणि तंबू वाचवण्यासाठी सुरू झालेल्या अभ्यासाला वेगळीच किंमत आली. मॅसॅच्युसेट्समधल्या नेटिकच्या लष्करी प्रयोगशाळेत रद्दी कागदापासून ग्लुकोज करण्याचे प्रयोग सुरू झाले. किरणांचा मारा करून क्यूएम ६एची अधिक विकरं देणारी वाणं निवडली गेली. रटगर्स विद्यापीठात 'रट सी-३०' हे नामांकित वाण निघालं.

याच काळात बारकाईनं तपासल्यावर ही बुरशी विरिडी नसून वेगळी जात आहे, हे ठरलं. १९७७ साली तिला रीज यांच्या सन्मानार्थ नाव मिळालं 'ट्रायकोडर्मा रीसाय'.

तेव्हा पत्रलेखकांना उत्तर असं : तुमच्या पुड्यातली बुरशी ती नव्हे, तिची चुलत बहीण. दोघी सेल्युलोज फोडतात. पण शेतातली बुरशी रोगकारक बुरश्यांशी झुंजण्यासाठीही वापरतात, तर रीसायची निवड झाली ती कारखान्यात भरपूर विकरं देण्यासाठी. त्यामुळं पाचटासाठी तुमचा पुडाच योग्य. एक करा, शेजारी कुणी पाचट पेटवायला निघालं, तर त्यांनाही एक पुडा द्या.

रीसायची जी वाणं आज कारखान्यांत विकरं करतात, त्या सगळ्यांचं मूळ बुगनव्हिलच्या त्या एका तंबूत आहे. पानिपतचा पेंढा पुढच्या आठवड्यात.