शाहबानोंचा दावा आणि सुधारकाची वाट

समाजसुधारणेची गोष्ट निघाली म्हणजे आपल्याला पुणे-मुंबई आठवते. परंतु तिचे एक मोठे प्रकरण आपल्या इंदुरातच घडले आहे. येथील शाहबानो बेगम यांना चाळीसांहून अधिक वर्षांच्या संसारानंतर पतीने घराबाहेर काढले व १९७८ साली तलाक दिला. त्या पोटगीसाठी न्यायालयात गेल्या. दंडाधिकाऱ्यांनी दरमहा २५ रुपये ठरविले; उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले. २३ एप्रिल १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हाच निकाल कायम केला. एवढ्याशा रकमेवरून देशभर वादळ उठले. दडपणाखाली खुद्द शाहबानोंनीच निकाल नाकारला आणि १९८६ साली संसदेने निराळा कायदा केला.

न्यायालयात जिंकलेली स्त्री समाजात का हरावी? कारण कायद्याच्या आधी मने तयार व्हावी लागतात. ते काम हमीद दलवाई यांनी अंगावर घेतले होते. आम्ही कोकणी बोलणारे; त्यामुळे चिपळूणजवळचे त्यांचे मिरजोळी आम्हांस आपलेच वाटते. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या विधानभवनावर नेला. तोंडी तलाक बंद करा, ही मागणी होती. १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. नावातच जोतीराव फुल्यांचा वारसा होता.

अशा सुधारकास तीन बाजूंनी झुंजावे लागते. स्वकीय त्याला धर्मद्रोही म्हणतात. परधर्मातील काही जण त्याचेच शब्द त्याच्या समाजाच्या द्वेषासाठी वापरू पाहतात. राज्यकर्ते मतांचा हिशेब मांडतात. दलवाईंनी म्हणूनच मुस्लिम जातीयवादाबरोबर हिंदू जातीयवादावरही टीका केली. आपला दोष आपण सांगावा. दुसऱ्याचा दोष सांगून सुखावणे ही सुधारणा नव्हे.

दलवाई १९७७ साली अवघ्या ४४व्या वर्षी गेले. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरविला. त्या सात स्त्रियांच्या मागणीला ५१ वर्षे झाली होती.

विद्यार्थिमित्रांनो, सात हा आकडा लहान आहे. आपल्या घरातील एखादी अन्याय्य रूढी दिसली, तर पहिला प्रश्न आपणच विचारावा. तेथे सातांचीही वाट पाहू नये.