बाळाच्या वाट्याचं लोह

जास्तीचं मीठ मूत्रपिंड बाहेर टाकतं. लोह बाहेर टाकायची अशी सोयच शरीरात नाही. त्यामुळे सारा पहारा आतड्याच्या दाराशी, आणि पहारेकरी म्हणजे यकृतात तयार होणारं हेप्सिडिन. ते वाढलं, की आतड्यातून रक्तात उतरणारं लोह अडतं. एरवी दिवसाकाठी एक-दोन मिलिग्रॅमच आत येतं. नव्या रक्ताला लागणारं वीसेक मिलिग्रॅम १२० दिवस जगून झालेल्या तांबड्या पेशी मोडून मिळतं.

गरोदरपणात एवढ्यावर भागत नाही. नऊ महिन्यांत मिळून सुमारे १००० मिलिग्रॅम लोह लागतं. त्यातलं बाळाचं आणि वारेचं तीनशेच्या आसपास. सर्वांत मोठा वाटा, साधारण साडेचारशे, आईच्याच वाढत्या तांबड्या पेशींचा! पाळी थांबल्यानं थोडं वाचतं. पण शिल्लक साठा धडधाकट बाईकडेही जेमतेम ३०० मिलिग्रॅम असतो.

म्हणून दुसऱ्या तिमाहीपासून हेप्सिडिन उतरू लागतं आणि तेच आतडं कितीतरी जास्त लोह ओढून घेतं. अर्थात ताटात असलं तर. भाकरी-भाजीतलं लोह मुळात सहज शोषलं जात नाही; वर जेवणाला लागून चहा झाला की आणखी कमी. लिंबू पिळलं तर फायदा होतो.

वार आईच्या रक्तातलं लोह खेचून बाळाकडे पोचवते. बहुतेक लोह शेवटच्या तीन महिन्यांत जातं, त्यामुळे दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचा साठा अपुरा राहतो. आईकडे फारच टंचाई असेल, तर पूर्ण दिवसांच्या बाळालाही झळ बसते.

भारतात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांत रक्तक्षय आढळला. आशाताई देतात त्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं आणि सोबत फॉलिक अ‍ॅसिड. या जोडीमागे मुंबईचा धागा आहे: १९२८ मध्ये आलेल्या ल्यूसी विल्स यांनी इथल्या गिरणी कामगार स्त्रियांचा रक्तक्षय अभ्यासला. त्यातला एक प्रकार लोहाच्या कमतरतेचा नव्हताच; तो यीस्टच्या अर्कानं बरा झाला. त्यातला गुणकारी घटक म्हणजे फोलेट, हे पुढे कळलं.

बाळंतपणानंतर वाढीव तांबड्या पेशी कमी होतात आणि त्यांतलं लोह आईच्या साठ्यात परततं. रक्तस्राव फार झाला नसेल तर. बाळालाही शेवटचा हप्ता मिळू शकतो: नाळ बांधायला निदान एक मिनिट थांबलं, तर वारेतलं रक्त त्याच्याकडे जातं आणि पहिल्या सहा महिन्यांची लोहाची शिदोरी वाढते.