गंजलेला सी-क्लॅम्प : काय काढायचे, काय ठेवायचे

जुन्या बाजारात जमिनीवर पसरलेल्या लोखंडाच्या ढिगात पाने, पकडी आणि कानशी यांना गिऱ्हाईक लवकर मिळते. सी-क्लॅम्पकडे मात्र सहसा कोणी वळत नाही, आणि वळलेच तर दांडी एकदा फिरवून पाहतात, ती फिरत नाही असे दिसले की परत ठेवून देतात. आमचा छंद नेमका येथूनच सुरू होतो. न फिरणारा क्लॅम्प हा बहुतेक वेळा बिघडलेला नसतो. तो का फिरत नाही आणि पुन्हा फिरू लागल्यावर त्याच्यावर कितपत विश्वास टाकायचा, हे समजून घेताना आठवी ते बारावीच्या पदार्थविज्ञानातील आणि रसायनातील बराच भाग हाताखालून जातो.

सी-क्लॅम्प म्हणजे इंग्रजी 'सी' अक्षराच्या आकाराची लोखंडी चौकट. तिच्या एका टोकातून स्क्रू जातो. स्क्रूच्या आतल्या टोकाला फिरती चकती असते, बाहेरच्या टोकाला आडवी दांडी. सरस लावलेल्या फळ्या दाबून धरणे, भोक पाडताना पत्रा टेबलाला आवळणे अशी त्याची कामे. ब्रिटनमध्ये यालाच जी-क्लॅम्प म्हणतात. तेथील शेफील्डच्या 'रेकॉर्ड' छापाचे किंवा अमेरिकेतील ब्रुकलिनच्या जे. एच. विल्यम्स कंपनीचे 'व्हल्कन' छापाचे क्लॅम्प जमवणारे हौशी लोक त्या देशांत पुष्कळ आहेत. चौकटीवरची उठावाची अक्षरे हीच त्यांच्या दृष्टीने खरी दौलत. आपल्याकडे बंद पडलेल्या कारखान्यांच्या भंगारातून असे परदेशी नग क्वचित हाती लागतात; बाकीचे नाव नसलेले, स्थानिक ओतकामाचे. आम्हांला दोन्ही सारखेच प्रिय आहेत.

प्रथम न फिरण्याचे कारण पाहू. ५६ ग्रॅम लोखंडाचे घनफळ सुमारे ७ घन सेंटिमीटर असते. हवा आणि ओलावा मिळून त्याचा गंज झाला की त्याचे वजन सुमारे ८९ ग्रॅम होते आणि घनफळ सुमारे २१ घन सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ तिप्पट. आता स्क्रूचा आटा आणि चौकटीतील आटा यांच्यामध्ये ०.२ मि.मी. मोकळी जागा आहे असे धरा. दोन्ही बाजूंचे फक्त ०.०५ मि.मी. लोखंड गंजले, तर त्या प्रत्येक बाजूला ०.१५ मि.मी. जाडीचा थर बसेल. म्हणजे प्रत्येक बाजू मूळ पृष्ठापेक्षा ०.१ मि.मी. पुढे सरकेल आणि फट पूर्ण भरून जाईल. कागदाच्या जाडीपेक्षाही कमी लोखंड गेले, पण स्क्रू जाम झाला! उलट, ज्याचा स्क्रू खडखडत सैल फिरतो त्याचे आटे झिजलेले असण्याचा संभव अधिक. विकणारा अर्थातच सैल नगाला जास्त भाव सांगतो.

जाम स्क्रू सोडवताना घाई उपयोगाची नाही. रॉकेलमध्ये थोडे पातळ तेल मिसळून ते आट्यांच्या तोंडाशी थेंबथेंब सोडावे आणि एक-दोन दिवस वाट पाहावी. गंज सच्छिद्र असल्यामुळे केशाकर्षणाने तेल आत ओढले जाते. मग दांडी थोडी पुढे, थोडी मागे अशी हलवावी. एकाच दिशेने जोर लावू नये. मागे-पुढे केल्याने गंजाचा भुगा होतो आणि तेलाबरोबर बाहेर येतो. दांडीत लोखंडी पाइप घालून लांबी वाढवण्याचा मोह मात्र टाळावा. बऱ्याच क्लॅम्पची दांडी मुद्दाम नरम आणि बारीक ठेवलेली असते. जोर जास्त झाला तर चौकट तुटण्याआधी ती वाकावी हा हेतू. घरातल्या विजेच्या फ्यूजसारखीच ही योजना आहे. बाजारात वाकड्या दांडीचा क्लॅम्प दिसला तर तो कधीतरी जादा ताणला गेला होता हे ओळखावे आणि चौकट अधिक बारकाईने पाहावी.

आता वरचा गंज. व्हिनेगर किंवा लिंबाच्या फुलांचे, म्हणजे सायट्रिक आम्लाचे पाणी वापरता येते, पण आम्ल गंजाबरोबर लोखंडही खाते. आम्लात रात्रभरापेक्षा जास्त राहिलेल्या बिडावर काळपट थर दिसू लागतो. बिडात २ ते ४ टक्के कार्बन असतो. लोखंड विरघळले की ग्रॅफाइटच्या रूपातला तो कार्बन मागे उरतो. उठावाच्या अक्षरांच्या कडाही यात बोथट होतात. म्हणून आमची पसंती विद्युत अपघटनाला आहे.

प्लास्टिकच्या बादलीत दर लिटर पाण्याला चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवावा. क्लॅम्प तारेने टांगून १२ व्होल्टच्या डी.सी. पुरवठ्याच्या ऋण टोकाला जोडावा. धन टोकाला साध्या लोखंडी पत्र्याचा तुकडा जोडावा. दोन्ही एकमेकांना लागू देऊ नयेत. तारा उलट जोडल्या तर क्लॅम्पच खाल्ला जाईल, तेव्हा प्रवाह सुरू करण्यापूर्वी दोनदा तपासावे. क्लॅम्पच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचे बुडबुडे येतात, गंजाचे काही अंशी क्षपण होऊन तो काळा व भुसभुशीत होतो आणि तारेच्या ब्रशने सहज निघतो. शाबूत धातूला जवळजवळ धक्का लागत नाही, हा या रीतीचा मोठा गुण. पत्र्याकडे पाठ असलेली बाजू नीट साफ होत नाही, म्हणून क्लॅम्प मधून मधून फिरवावा.

येथे तीन गोष्टींची काळजी अनिवार्य आहे. २ अँपिअर प्रवाह ५ तास चालू ठेवला तर ३६,००० कुलोम विद्युतभार वाहतो. फॅरडेच्या नियमाने हिशेब केला तर सुमारे साडेचार लिटर हायड्रोजन तयार होतो (विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करून घ्यावे). तेव्हा बादली उघड्यावर ठेवावी, जवळपास काडी ओढू नये आणि तारा काढण्याआधी वीज बंद करावी. सोड्याऐवजी मीठ घालू नये, त्यातून क्लोरीन निघू शकतो. आणि पत्र्याच्या जागी जुना स्टेनलेस स्टीलचा चमचा किंवा ताटली कधीही वापरू नये. त्यातील क्रोमियम षट्‌संयुजी रूपात पाण्यात उतरू शकते आणि ते विषारी व कर्करोगकारक आहे. पाणी पिवळे झालेले पाहून मुलांना गंमत वाटेल. ती गंमत महागात पडणारी आहे.

जुना रंग हाही असाच विषय आहे. लोखंडावरील अस्तरासाठी पूर्वी शेंदूर, म्हणजे शिशाचे ऑक्साइड, सर्रास वापरत. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम २०१६ साली झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाबद्दल खात्री देता येत नाही. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये, त्याची धूळ उडवू नये. ओला करून खरवडावा आणि हे काम शाळेत मुलांकडून करून घेऊ नये.

साफ झालेला स्क्रू आता हातात घेऊ. अर्धा इंच जाडीचा, एका इंचात दहा आटे असलेला स्क्रू एका फेऱ्यात सुमारे २.५ मि.मी. पुढे जातो. दांडीचे टोक अक्षापासून ८० मि.मी. दूर असेल तर हात त्याच फेऱ्यात सुमारे ५०० मि.मी. फिरतो. म्हणजे आदर्श यांत्रिक फायदा २००! ५० न्यूटन बल लावले, म्हणजे साधारण पाच किलो वजन पेलण्याइतका जोर केला, तर दाब १०,००० न्यूटन यायला हवा. प्रत्यक्षात तो साधारण दीड हजार न्यूटनच येतो. बाकीचे घर्षणात जाते. म्हणजे कार्यक्षमता जेमतेम १५ टक्के. यंत्र म्हणून हे लाजिरवाणे वाटेल, परंतु क्लॅम्पचे सारे महत्त्व या वाया गेलेल्या ८५ टक्क्यांत आहे.

याचे कारण असे. आवळताना केलेल्या कार्याचा एक भाग चौकट आणि वस्तू यांच्या ताणात साठतो, दुसरा घर्षणात उष्णता होऊन जातो. हात सोडला की साठलेली ऊर्जा स्क्रूला उलट फिरवू पाहते. पण उलट फिरतानाही जवळपास तेवढेच घर्षण आड येते. साठलेली ऊर्जा त्याला पुरी पडत नाही, म्हणूनच स्क्रू जागचा हलत नाही. अर्थात उपयुक्त वाटा घर्षणाच्या वाट्यापेक्षा कमी, म्हणजे निम्म्याहून कमीच असला पाहिजे. ज्या स्क्रूची कार्यक्षमता ५० टक्क्यांपेक्षा जास्त, तो हात सोडताच मागे फिरेल. क्लॅम्प म्हणून तो निरुपयोगी.

मग तेल दिल्याने क्लॅम्प आपोआप सुटेल का, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात, आणि तो योग्यच आहे. आटा उलगडला तर तो एक उतार असतो: पाया सुमारे ३६ मि.मी., चढ २.५ मि.मी.; गुणोत्तर ०.०७. (कागदाचा काटकोन त्रिकोण पेन्सिलीभोवती गुंडाळून हे वर्गात दाखवता येते.) ग्रीस लावलेल्या लोखंडाचा घर्षणांक सहसा ०.१ च्या वर असतो. उतारापेक्षा घर्षण मोठे असल्यामुळे स्क्रू स्वतःहून घसरत नाही. तेव्हा तेल निर्धास्तपणे द्यावे. मात्र सतत हादरे बसणाऱ्या जागी आवळलेला क्लॅम्प हळूहळू सैल होतो, कारण हादऱ्याच्या क्षणी स्पर्श क्षणभर सुटतो.

बाजारातल्या क्लॅम्पची चकती बऱ्याचदा हरवलेली असते. तिच्याविना स्क्रूचे टोक वस्तूवर घासत फिरते, लाकडात खड्डा पाडते आणि वस्तूला ढकलते. चकतीच्या आतला गोळा अक्षाच्या अगदी जवळ घासतो, त्यामुळे पीळ वस्तूपर्यंत फारसा पोचत नाही. खरादवाल्याकडून नवी चकती करून घेता येते. स्क्रू बदलण्याची वेळ आली तर आटे आधी मोजावेत. अर्ध्या इंचाच्या ब्रिटिश व्हिटवर्थ स्क्रूला इंचात १२ आटे असतात, अमेरिकन जाड आट्यांच्या स्क्रूला १३, आणि आपल्या आजच्या १२ मि.मी. मेट्रिक स्क्रूच्या दोन आट्यांत १.७५ मि.मी. अंतर असते. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली आट्याचा कोन ५५ अंश ठरवला, विल्यम सेलर्स यांनी १८६४ साली अमेरिकेत ६० अंश सुचवला. त्या मतभेदाचा त्रास आजही जुन्या हत्यारांना होतो: बाराचा नट तेराच्या स्क्रूवर दोन-तीन फेरे ठीक बसतो आणि मग अडतो. तेथे जोर लावला की दोन्हींचे आटे जातात.

राहता राहिला चौकटीचा प्रश्न, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा हाच. स्क्रूचा अक्ष आणि चौकटीचा कणा यांत ७० मि.मी. अंतर असेल, तर दीड हजार न्यूटनचा दाब कण्याला १०५ न्यूटन-मीटर इतका वाकवतो. कण्याची आतली बाजू ताणली जाते, बाहेरची दबते. साधे बीड दाब उत्तम सोसते, पण ताण त्याच्या साधारण तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतकाच. म्हणून तडा आतल्या बाजूनेच सुरू होतो, तोही कोपऱ्याच्या वळणाशी. तेथे भिंगातून पाहावे. टांगून हातोडीने हलकेच वाजवावे. अखंड चौकट खणखणते, तडा गेलेली बद्द वाजते. सेठ बॉयडन यांनी अमेरिकेत १८२६ साली दीर्घकाळ तापवून नरम केलेले, न फुटता वाकणारे बीड तयार केले. चांगले ओतीव क्लॅम्प अशा बिडाचे असतात. घडीव पोलादाचे त्याहून भरवशाचे. ग्राइंडरला टेकवले की पोलादाच्या ठिणग्या लांब व उजळ पडतात, बिडाच्या आखूड व तांबूस.

वेल्डिंग करून जोडलेला बिडाचा क्लॅम्प, तो कितीही जुना आणि नावाजलेल्या छापाचा असो, आम्ही कपाटात ठेवतो, कामाला लावत नाही. वेल्डिंगजवळचे बीड एकदम थंड होऊन काचेसारखे ठिसूळ होते. ज्या चौकटीत दोष दिसत नाही तिची चाचणी अशी: दोन्ही टोकांच्या बाहेरील कडांवर खुणा करून त्यांमधील अंतर व्हर्नियरने मोजावे. लाकडी ठोकळा आवळून, डोळ्यांवर चष्मा चढवून, दांडी पाव-पाव फेरा फिरवत प्रत्येक वेळी पुन्हा मोजावे. स्क्रू सोडल्यावर अंतर मूळ मापावर आले तर चौकट हुकच्या नियमात आहे. ते वाढलेलेच राहिले तर ती कायमची वाकली आहे आणि वजनावर भंगारात द्यावी.

शेवटचा हात संरक्षणाचा. आरशासारखी चकाकी आणण्याची हौस काहींना असते. आम्हांला ती पटत नाही, कारण त्यात अक्षरे आणि ओतकामाच्या खुणा घासल्या जातात. त्याऐवजी हिरड्याची भरड पाण्यात उकळून, गाळून तो काढा ब्रशने लावावा. हिरड्यातील टॅनिनचा खाचांत उरलेल्या गंजाशी संयोग होऊन निळसर काळा, चिवट थर बसतो. हिरडा आणि हिराकस यांपासून पूर्वी काळी शाई करत, तीच ही क्रिया. थर वाळला की वर जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. ते तेल भिजलेल्या चिंध्या चुरगळून ठेवू नयेत, आपोआप पेट घेतात. मोकळ्या पसरून वाळवाव्यात. आट्यांना रंग किंवा जवसाचे तेल लावू नये, तेथे ग्रीसच हवे. पावसाळ्यात क्लॅम्प लाकडाला आवळलेल्या स्थितीत ठेवू नये. लाकूड ओलावा धरते आणि चकतीखाली पुन्हा गंज सुरू होतो. स्क्रू अर्धा बाहेर काढून, मोकळा टांगलेला बरा.