पेंढ्याची फळी आणि ग्लूची गोष्ट

कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो खोऱ्यात भातकापणी उरकली की पेंढ्याचं करायचं काय, हा जुना प्रश्न. पेंढा जाळण्यावर टप्प्याटप्प्याने निर्बंध आणणारा कायदा तिथे 1991 मध्ये झाला. पुढे 2020 च्या सुमारास विलोज गावी ‘कॅलप्लांट’ कंपनीने याच पेंढ्यापासून एमडीएफ (मीडियम डेन्सिटी फायबरबोर्ड) ही फळी बनवायला घेतली. 2021 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. कल्पना मात्र टाकाऊ नव्हती.

एमडीएफ म्हणजे दाबलेला भुसा, असा सरसकट समज असतो. प्रत्यक्षात लाकडाच्या चिपा वाफेवर मऊ करून दोन दातेरी चकत्यांमध्ये भरडतात. कापसासारखे सुटे झालेले तंतू ग्लू आणि थोडं मेण मिसळून वाळवायचे, मग गरम प्रेसखाली दाबायचे. त्यामुळे या फळीला ना रेषा, ना गाठ. राउटर कुठल्याही दिशेला फिरवा, ढलपी निघत नाही. महाराष्ट्रात 2018 मध्ये थर्माकोलवर बंदी आल्यावर गणपतीच्या मखरांत एमडीएफचं जाळीकाम शिरलं, ते उगाच नाही.

पर्यावरणाच्या दृष्टीने लाकडाबाबत फारशी तक्रार नाही. आपल्याकडे चिपा प्रामुख्याने शेतात लावलेल्या पॉपलर, निलगिरी, सुबाभळीच्या असतात. पंजाब-हरियाणात पॉपलर पाच-सात वर्षांत तोडणीला येतो.

मेख आहे ती ग्लूमध्ये. सर्रास वापरला जाणारा युरिया-फॉर्मल्डिहाइड ग्लू स्वस्त, पण फळीतून फॉर्मल्डिहाइड वायू हळूहळू सुटत राहतो आणि उष्ण, दमट हवेत अधिकच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये या वायूला कर्करोगकारक ठरवलं. ‘ई-1’ दर्जाच्या 100 ग्रॅम कोरड्या फळीत तो 8 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. तेव्हा दुकानदार नुसतं ‘इको-फ्रेंडली’ म्हणाला तर मान डोलावण्याआधी फळीवरचा शिक्का बघावा. पेंढ्यातल्या सिलिका आणि मेणामुळे युरिया-फॉर्मल्डिहाइड ग्लू नीट धरत नाही, म्हणून कॅलप्लांटने फॉर्मल्डिहाइडविरहित एमडीआय ग्लू निवडला. तो महाग, शिवाय प्रेसच्या प्लेटलाही चिकटणारा.

फळी लवकर फुगून भंगारात गेली तर हिरव्या शिक्क्याला काय अर्थ? पाणी शिरतं ते कापलेल्या कडेतून. सुतारांनी तिथे सीलरचे दोन हात द्यावेत किंवा एज बँडिंग करावं. सिंकखाली साधं एमडीएफ नकोच. कडेला स्क्रू मारण्याआधी बारीक भोक पाडलं नाही तर फळी उकलते. आणि कापताना उडणारी धूळ पिठासारखी बारीक असते. नाकाला रुमाल बांधून भागत नाही, एन-95 मास्कच लागतो.