वॉटसन हॉटेल: नामवंत पाहुणे आणि बिडाचा सांगाडा

मुंबईच्या काळा घोडा भागात एस्प्लनेड मॅन्शन नावाची एक जीर्ण इमारत उभी आहे. हेच एकेकाळचे वॉटसन हॉटेल. १८९६ च्या आरंभी व्याख्यान-दौऱ्यावर आलेला अमेरिकन लेखक मार्क ट्वेन येथे उतरला होता. येथील कावळ्यांवर त्याने आपल्या प्रवासवर्णनात पाने खर्ची घातली. नोकराला झालेली मारहाणही त्याने नोंदवली. ती पाहून त्याला आपल्या लहानपणची गुलामगिरी आठवली. त्याच वर्षी ७ जुलैला ल्युमिएर बंधूंचा प्रतिनिधी मारिअस सेस्तिए याने येथे भारतातला पहिला चित्रपट-खेळ केला. तिकीट एक रुपया, प्रेक्षक मुख्यतः युरोपीय. पुढे हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले. ते पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये एका कुस्तीचे चित्रण केले.

हॉटेलची ओळख या पाहुण्यांमुळे टिकली. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने मात्र खांबांकडे पाहावे.

जॉन वॉटसन हा कापडाचा व्यापारी. त्याच्यासाठी रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याने आराखडा केला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या कामातही तो होता. खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने मुंबईत आणल्या गेल्या आणि १८६७ ते १८६९ या काळात जागेवर बोल्टने जोडल्या. १८७१ मध्ये हॉटेल सुरू झाले: पाच मजले, सुमारे १३० खोल्या, मध्ये काचेच्या छताचा चौक. त्या काळच्या बहुतेक इमारतींत भार जाड भिंती पेलत. येथे भार सांगाडा पेलतो, विटांचे काम फक्त मधली जागा भरते. म्हणूनच मजल्यामजल्यावर सलग, रुंद सज्जे आणि मोठी दारे ठेवता आली. ट्वेनचे कावळे याच सज्ज्याच्या कठड्यावर येऊन बसत.

आता बीड, म्हणजे ओतीव लोखंड, हा पदार्थ समजून घेऊ. त्यात कार्बन साधारण २ ते ४ टक्के असतो आणि करड्या बिडात तो ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात राहतो. ताण आला की याच पापुद्र्यांच्या टोकांशी तडा सुरू होतो. त्यामुळे बिडाची दाब सोसण्याची क्षमता ताणाच्या तिप्पट-चौपट असते. खांबाला हे मानवते. तुळईचे तसे नाही: ती वाकते तेव्हा तिच्या खालच्या कडेला ताण येतो. पोलाद तुटण्याआधी लांबते, वाकते, सूचना देते. बीड सूचना देत नाही.

हॉटेल बंद पडल्यावर इमारतीत कार्यालये आणि भाडेकरू आले, खोल्यांचे तुकडे झाले. प्रत्येक नवी भिंत म्हणजे मूळ हिशेबात नसलेला भार. त्यात मुंबईचा पाऊस. सांध्यात पाणी मुरले की गंज धरतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे तो भागांना आतून ढकलतो. २००५ मध्ये इमारतीचा काही भाग कोसळला. पुढल्या वर्षी धोक्यातील शंभर वारसास्थळांच्या जागतिक यादीत तिचे नाव होते.

२०१९ मध्ये इमारत रिकामी करण्यात आली. आयआयटी मुंबईच्या अहवालाने ती पाडावी असे सुचवले. वारसा-जतन करणाऱ्या तज्ज्ञांच्या मते दुरुस्ती शक्य होती. दोन्ही बाजूंना आधार आहे. बीड ठिसूळ आहे आणि जागेवर वेल्डिंग करणे अवघड, कारण तापवून सावकाश थंड केले नाही तर नवे तडे जातात. पण सांगाडा सुट्या भागांचा आहे. तडा गेलेल्या तुळईला पोलादी पट्ट्या बोल्टने जोडता येतात, किंवा ती बदलताही येते. मला दुसरी बाजू पटते, मात्र एका अटीवर: प्रत्येक तुळई तपासायला हवी, आणि आधी तिची खालची कड. सज्ज्यांच्या बाहेर आलेल्या आधारांत उलट, ताण वरच्या बाजूला असतो; तेथे शोध वरून सुरू करावा.