भाताला आठवते थंडी!

रायपूरच्या शंकर नगरात एखाद्या मराठी घरी दुबराज शिजू लागला, की शेजाऱ्यांना सांगावे लागत नाही. छत्तीसगडचा हा सुवासिक तांदूळ. त्यातल्या ‘नगरी दुबराज’ला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण मूळ दुबराजचे रोप उंच, लोळणारे आणि उशिरा तयार होणारे. म्हणून रायपूरच्याच इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने भाभा अणुसंशोधन केंद्राच्या साथीने बियाण्यावर गॅमा किरण सोडून त्याचा बुटका, लवकर येणारा वाण काढला. म्हणजे जनुकांतली अक्षरेच बदलली.

अक्षरे तशीच ठेवून वाण सुधारता येईल? एपिजेनेटिक्स हे शास्त्र नेमके हेच शोधते. पाककृतींचे पुस्तक तेच, मात्र काही पाने टाचणीने बंद केलेली, अशी कल्पना करा. बंद पानावरचा पदार्थ घरात होत नाही, इतकेच. डीएनएवरची ही टाचणी म्हणजे मिथाइल नावाचा इवलासा रेणुगट. थंडी, ऊन, पाण्याचा ताण यांमुळे टाचण्या लागतात, निघतात. पुढच्या पिढीत मात्र हे बदल बहुधा पुसले जातात.

बहुधा! २०२५ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी वेगळेच दाखवले. पोटरीच्या वेळी थंडी बाधली, की भाताचे दाणे पोचट राहतात. त्यांनी सलग तीन पिढ्या भाताला थंडी दिली आणि तगलेली रोपे निवडली. पुढे थंडी न देताही तो काटकपणा पाच पिढ्या टिकला. एका जनुकाजवळच्या टाचण्या निघाल्या होत्या. साध्या भातातल्या त्याच टाचण्या मुद्दाम काढल्या, तर तोही थंडीला पुरून उरला.

सोव्हिएत रशियात लिसेंकोने पिकांना थंडीत ‘शिकवण्याचे’ अवास्तव दावे करून शास्त्राचे मोठे नुकसान केले होते. त्यामुळे आज शास्त्रज्ञ जपून बोलतात, ते बरेच आहे.

डॉ. आर. एच. रिछारिया यांनी १९७०च्या दशकात छत्तीसगडच्या खेड्यापाड्यांतून भाताचे हजारो वाण जमवले. रायपूरच्या विश्वविद्यालयाच्या संग्रहात आज २३ हजारांहून अधिक नमुने आहेत. कोठारात अक्षरे जपली जातात. टाचण्या मात्र शेतातल्या ऊनपावसात लागतात. कोठारातले दुबराजचे बी आणि धमतरी जिल्ह्यात नगरीच्या शेतात वर्षानुवर्षे पेरलेले बी यांची अक्षरे सारखी निघाली, तरी टाचण्या सारख्याच असतील असे नाही. ते पाहायचे तर दोन्ही शेजारी-शेजारी पेरावी लागतील.